आधी माप, मग निकाल

आमच्या खानापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांची चूल गलाईच्या धंद्यावर पेटली. विट्याच्या आसपासच्या गावांतली पोरं मिसरूड फुटायच्या आधी परमुलखाला जातात आणि सोनं-चांदी गाळायला शिकतात. त्या धंद्यातला पहिला धडा असा, की कस लावल्याशिवाय भाव बोलायचा नाही. गिऱ्हाईक किती का ओळखीचं असेना, दागिना किती का झळकेना. आधी कस, मग तोंड.

हीच माणसं यात्रेला गावाकडं येतात. कुणाच्या तरी दारात जीप नाहीतर ट्रॅक्टर बोनेट वर करून उभा असतो. हेड उतरवून पोत्यावर ठेवलेलं असतं, काळंकुट्ट, तेलकट. ही कसाची माणसं खिशातला हात बाहेर न काढता वाकून बघतात आणि सांगून मोकळी होतात, "हेड गेलंय. नवं टाका."

कशावरून गेलंय? कुणी मोजलं? कशानं मोजलं?

माझं भांडण आहे ते या वाकून दिलेल्या निकालाशी. भांडायचा मला हक्क आहे, कारण एकदा असाच निकाल लागत असताना मी शेजारी उभा होतो आणि गप्प बसलो होतो.

दादाची जीप १९९८ सालची. विटा ते खानापूर वडाप करायची. मीटर मधे दोनदा बंद पडला होता, त्यामुळं खरा आकडा कुणालाच ठाऊक नाही. पण चार लाख किलोमीटर तिनं कधीच मागं टाकले होते. त्या जीपवर ताईचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला, माझं आयटीआय झालं. आयटीआयनंतर मी चार वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये हेडच्याच कामावर होतो. आण्णा गेल्यावर शेती बघायला परत आलो. म्हणजे घरात हेडचं काम शिकलेला माणूस होता. तरी व्हायचं ते झालंच.

२०१२ च्या दिवाळीआधी जीप पाणी खायला लागली. रोज सकाळी रेडिएटरात लिटरभर पाणी कमी. दादानं मिस्त्री आणला, हेड उतरवलं. पुढं लग्नसराई, दादाला घाई. मिस्त्रीनं हेडच्या तोंडावरून पॉलिश पेपर फिरवला, व्हॉल्व्हला पेस्ट लावून ते घासले, नव्या पॅकिंगला दोन्ही अंगांनी सिल्व्हर पेंट मारला आणि रात्री दहाला गाडी चालू करून दिली. थर्मोस्टॅट काढून खिडकीत ठेवला. म्हणाला, "ह्येची आपल्याकडं काय गरज न्हाय. थंडीच्या देशातलं हाय ते."

मी बॅटरी धरून तिथंच उभा होतो. हेडवर पट्टी ठेवून ते सरळ आहे का बघावं, हे मला कळत होतं. थर्मोस्टॅट काढू नये हेही कळत होतं. बऱ्याच इंजिनांत तो काढला की पाण्याची जवळची वाट सताड उघडी राहते आणि निम्मं गरम पाणी रेडिएटरकडं न जाताच परत इंजिनात फिरतं. पण मिस्त्री वयानं मोठे, दादाला घाई, आणि मी गावात नवा नवा परतलेला. ‘कोल्हापूरचा शहाणा’ म्हणतील म्हणून तोंड उघडलं नाही.

सातव्या महिन्यात त्याची किंमत मोजली. २०१३ चा मे महिना, दुष्काळाचा उन्हाळा. रेणावीच्या घाटात अर्ध्या चढावर काटा लालच्या पलीकडं गेला, बोनेटमधून वाफ आली आणि गाडी गप्प झाली. आत अकरा माणसं. त्यात बाळंतपणाला माहेरी निघालेली एक पोर. सावलीला झाड नाही, प्यायला पाणी नाही. तासाभरानं एका टँकरवाल्यानं तिला आणि तिच्या आईला पुढं नेलं. तिला काही झालं नाही, पोरगी सुखरूप बाळंत झाली. पण तो तास दादा विसरला नाही. मीही नाही.

जीप ओढत आणली. संध्याकाळी लिंबाखाली पंचायत बसली.

नाना म्हणाले, "आरं, पॅकिंग उडालंय. दुसरं टाक की. हाय काय आन न्हाय काय."

चुलतभाऊ विट्याला स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला. तो म्हणाला, "दादा, चार लाख पळालीया गाडी. हेडमधी आता काय राह्यलंय? नवं हेड घ्या, डुप्लिकेट स्वस्तात बसवून देतो."

तिसरा फायनान्सवाल्यांकडं वसुलीला जाणारा. त्याचं म्हणणं, भंगारात घाला आणि नवी गाडी काढा. हप्ता काय, वडापवर निघंल.

चौथ्यानं वेल्डिंग सुचवलं. काय वेल्ड करायचं हे त्यालाही माहीत नव्हतं, कारण चीर आहे की नाही हेच कुणी बघितलं नव्हतं.

चार माणसं, चार निकाल, आणि माप एकाचंही नाही. आमच्याकडं बैल घेताना दात बघतात, खांदा बघतात, दहा पावलं चालवून बघतात. विहिरीचं पाणी किती परसाचं ते दोर सोडून बघतात. आणि घरातली सगळ्यात महागाची वस्तू बिघडली की अंदाजपंचे दाहोदरसे! या वेळी मी तोंड उघडलं. दादाला म्हटलं, "मागच्या टायमाला मी गप बसलो ती माझी चूक झाली. आता एक दिवस मला दे. काहीही विकत घ्यायच्या आधी मोजू."

जीप अजून जोडलेली होती, तेवढ्यात पहिलं माप घेतलं. विट्यातल्या एका ओळखीच्या गॅरेजमधून कॉम्प्रेशन गेज आणला. नोझल काढायचं, त्या भोकात गेज बसवायचा, स्टार्टर मारायचा आणि आकडा लिहायचा. एक आणि चार नंबरचं सिलिंडर जवळजवळ सारखं आलं. दोन आणि तीन एकदम खाली, आणि दोन्ही एकाच पातळीला. शेजारशेजारची दोन सिलिंडरं अशी जोडीनं खाली आली, की बहुतेक वेळा त्यांच्यामधलं पॅकिंग जळालेलं असतं आणि एकाची हवा दुसऱ्यात जात असते. एक आणि चार चांगले होते, ऑइल भरायच्या तोंडातून फार धूर येत नव्हता, ऑइलही फारसं जळत नव्हतं. म्हणजे खालचं इंजिन, पिस्टन-रिंगा, अजून दमात होत्या. पाऊण तासात पंचायतीतला निम्मा वाद मिटला. फुल इंजिनाचं काम नको.

मग हेड उतरवलं, घासून पुसून स्वच्छ केलं आणि धारेची सरळ पट्टी त्यावर ठेवली. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या रेषांत, पट्टीखाली फीलर गेजची पत्ती घालून बघितली. मधोमध ०.१५ मिलिमीटरची पत्ती सरकन आत गेली. म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण दुप्पट जाडीची फट. डोळ्याला ती दिसत नाही, बोटाला लागत नाही. पण जळणाऱ्या डिझेलच्या दाबाला तेवढी फट म्हणजे वेशीचा दरवाजा. मागच्या वेळी वर नवं पॅकिंग आणि सिल्व्हर पेंट आला, खाली हे वाकडं तोंड तसंच राहिलं. ती पत्ती त्या रात्री घातली असती, तर ती पोर घाटात उन्हात बसली नसती.

पाण्याच्या भोकांत बोट घातलं तर पांढरा थर. अंघोळीच्या बंबाला आतून बसतो तसा. गावात टँकर येत होता, जीपला बोअरचं जड पाणी. ते उकळून उकळून हेडच्या आत दगड धरला होता. त्या दगडाआडची उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नव्हती. हेड वाकलं त्याचं हे मूळ. नवं हेड आणून तेच बोअरचं पाणी आणि तोच तुंबलेला रेडिएटर ठेवला असता, तर नव्यानंही तीच वाट धरली असती.

दुसऱ्या दिवशी हेड पोत्यात बांधून आम्ही दोघं एसटीनं कोल्हापूरला गेलो. माझे उस्ताद तिथं अजून काम करत होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. चाचांनी हेड फिरवून बघितलं आणि म्हणाले, "तपासायचे तीनशे होतील."

दादा म्हणाला, "नुसतं बघायचं तीनशे?"

चाचा हसले. "बघायचं दिलं न्हाईस, तर मला कायतरी बदलूनच पैसं काढाय लागतील. मग न बिघडलेलं बी बदलीन मी. चालंल?"

या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते चाचांनी एका वाक्यात सांगून टाकलं. आपल्याकडं बघण्याचे पैसे कुणी देत नाही. डॉक्टरनं नाडी बघितली, तपासलं आणि ‘औषधाची गरज नाही, पाणी पी आणि झोप’ म्हणून सांगितलं, तर आपण फी देताना कुरकुरतो. सुई टोचली की हसत पैसे काढतो. मिस्त्रीचंही तसंच. त्यानं अर्धा तास पट्टी ठेवून मोजलं आणि ‘हेड चांगलं आहे’ म्हटलं, तर आपण म्हणणार, "मग तू केलंस काय?" त्यापेक्षा त्यानं वीस हजारांची वस्तू आणून बसवली तर आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं. मग तो बिचारा मोजेल कशाला? गावातल्या मिस्त्रीला शिव्या घालणं सोपं आहे. त्याला न मोजायला आपणच शिकवलं.

दादानं तीनशे दिले.

चाचांनी आधी हेड केमिकलच्या टाकीत टाकलं. थर निघाल्यावर चिरा बघितल्या. लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरा फवारा मारायचा. चीर असली तर तिच्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ काढतो. दोन व्हॉल्व्हच्या मधली जागा आणि नोझलचं भोक, इथंच चीर जास्त जाते. रेघ आली नाही. मग पाण्याची सगळी भोकं पट्ट्यांनी बंद केली, आत हवा भरली आणि हेड गरम पाण्याच्या हौदात सोडलं. दादा कडेला उकिडवा बसला होता. नदीत पोर बुडी मारून कधी वर येतंय बघावं तसा पाण्याकडं बघत होता. एक बुडबुडा आला. दादानं माझा हात धरला. चाचांनी पट्टीचा बोल्ट आवळला, बुडबुडा थांबला. पुढं दहा मिनिटं काही आलं नाही.

"लोखंड चांगलंय तुझं," चाचा म्हणाले. "इतकी वर्षं भाजून भाजून पक्कं झालंय. ह्येला टाकू नगंस."

त्यानंतर गाइड बघितले. व्हॉल्व्ह सीटवरून थोडा उचलायचा आणि हलवायचा. किती डुलतो ते डायल गेजवर दिसतं. एक्झॉस्टचे चारही डुलत होते, इनलेटचे दोन. गाइड ढिलं असलं की व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसतो, मग सीट कितीही चांगली कापा, महिन्यात लीक. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी गाइड, मग त्या गाइडच्या सरळीत सीट, मग व्हॉल्व्ह. मागच्या वेळी आमच्या मिस्त्रीनं ढिल्या गाइडमध्येच व्हॉल्व्ह घासले होते. दोन तळव्यांत काठी धरून ताकाची रवी फिरवावी तसे. दिसायला झकास राखाडी पट्टा आला होता, पण तो गोल नव्हता. पेस्ट शेवटचा हात फिरवायला असते. झिजलेली सीट पेस्टनं सरळ करू म्हणणं म्हणजे खड्डा पडलेलं जातं पीठ घालून भरण्यासारखं आहे.

फेसिंगचंही तसंच. आमच्याकडं हेड लेथवाल्याकडं गेलं की म्हणायची पद्धत पडली आहे, "मारा एक हात." कशाला मारा? हेडची जाडी काही वाढत नाही. प्रत्येक हाताला ती कमी होते. डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात मुळातच जागा थोडी. पुस्तकात किमान जाडी दिलेली असते, तिच्या खाली गेलं की ते हेड भंगार, आणि ते भंगार आपणच पैसे देऊन केलेलं असतं. चाचांनी आधी जाडी मोजली. पूर्वी कधीतरी एकदा फेसिंग झालेलं दिसत होतं, तरी थोडी जागा शिल्लक होती. वाक निघण्यापुरतंच घेतलं, त्याच्यावर एक कणही नाही. मग व्हॉल्व्ह बसवून त्यांचं तोंड हेडच्या पातळीपासून किती आत राहतं ते पुन्हा मोजलं. जास्त वर राहिला तर पिस्टन मारतो, जास्त आत गेला तर कॉम्प्रेशन पडतं आणि सकाळी गाडी लवकर उठत नाही.

शेवटी हिशोब असा झाला. सहा गाइड नवे, एक्झॉस्टचे चार व्हॉल्व्ह नवे, दोन सीट नव्या, बाकीच्या कापून घेतल्या, बेताचं फेसिंग. घरी आल्यावर रेडिएटर खोलून साफ केला, थर्मोस्टॅट नवा बसवला, बोअरचं पाणी बंद करून कूलंट भरलं. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं आवळले. पान्याला पाइप लावून ‘जेवढा बसतोय तेवढा’ नाही. सगळं धरून साडेअकरा हजार. कागद अजून ट्रंकेत आहे. डुप्लिकेट हेड एकटंच त्यापेक्षा महाग पडत होतं, आणि नव्या गाडीचा हप्ता दुष्काळाच्या वर्षात घराला खाऊन बसला असता.

यात मला बढाई मारायची नाही. नऊ दिवस जीप दारात होती. नऊ दिवसांची कमाई गेली, आणि दादाची रोजची तीन-चार गिऱ्हाइकं दुसऱ्या वडापला लागली ती लागलीच. मोजण्याला वेळ लागतो, हे खरं आहे. लोक मला म्हणतात, "तुझं बरोबर हाय, पर गरिबाला हे परवडतंय व्हय?" मी उलट विचारतो, एकच काम दोनदा करणं गरिबाला परवडतं का? श्रीमंत माणूस न मोजता नवं हेड टाकू शकतो. चुकलं तर पुन्हा टाकेल. फीलर गेज शे-दीडशे रुपयांना मिळतो. एका चांगल्या पॅकिंगला त्याहून जास्त पडतात.

आणि मोजलं म्हणजे जुनंच राखायचं, असंही नाही. पुढच्या वर्षी शेजारच्या आबांच्या ट्रॅक्टरचं हेड मीच कोल्हापूरला नेलं. आबांना ते वाचवायचं होतं, त्यांच्या पहिल्या ट्रॅक्टरचं ते. लाल रेघ उमटली ती व्हॉल्व्हच्या सीटपासून थेट नोझलच्या भोकापर्यंत, आणि हौदात बुडबुड्यांची माळ लागली. आबा म्हणाले, "वेल्ड मारून बघू." बिडाचं वेल्डिंग सोपं नाही. अख्खं हेड आधी तापवावं लागतं, मग सावकाश निववावं लागतं. एवढं करूनही त्या जागी, आगीच्या तोंडाशी, ते टिकेल याचा भरवसा नाही. घाईनं गार वेल्ड मारलं तर शेजारीच नवी चीर जाते. मी म्हटलं, "आबा, ह्ये आता ठेवा परड्यात. नवं घ्या. आन नवं बी आधी मोजून घ्या." नव्या हेडवरही पट्टी ठेवली, सीटमध्ये रॉकेल ओतून गळतंय का बघितलं. नव्या खोक्यातून आलं म्हणजे सरळच असतं, हा भाबडेपणा झाला. आबांचे पैसे गेले, पण काय म्हणून गेले ते त्यांना ठाऊक होतं.

किर्लोस्करवाडी आमच्यापासून फार लांब नाही. कुंडलजवळच्या त्या उजाड माळावर १९१० साली लोखंडाचा कारखाना उभा राहिला, कोल्हापुरात भट्ट्या पेटल्या, आमच्या भागातली पोरं ओतकामात आणि लेथवर तरबेज झाली. लोखंड ओतायला आम्ही शिकलो, कापायला शिकलो. कापायच्या आधी मोजायचं, ते मात्र कारखान्याच्या फाटकातच ठेवून घरी येतो. आत शतांश मिलिमीटरनं मोजणारा माणूस दारातल्या स्वतःच्या गाडीला म्हणतो, "बसलं की नीट, चालतंय."

दादाची जीप त्यानंतर पाच वर्षं पळाली. हेड पुन्हा उतरवावं लागलं नाही. शेवटी विकली ती चेसिस कुजली म्हणून, आणि चेसिसही हातोडीनं ठोकून, गंज खरवडून, पत्रा किती उरलाय ते बघून मगच विकली. घेणाऱ्यानं इंजिन वेगळं काढून ऊस रसाच्या गुऱ्हाळाला जोडलं म्हणतात.

खिडकीतला तो जुना थर्मोस्टॅट मी फेकला नाही. गावात कुणाचं इंजिन खोललेलं दिसलं की मी आता जातोच, बोलावलं नाही तरी. खिशात फीलर गेज असतो. ‘कोल्हापूरचा शहाणा आला’ म्हणतात. म्हणू देत. पट्टी ठेवायला जागा मागतो, मोजतो, आणि तपासायचे पन्नास रुपये मागून घेतो. सुरुवातीला लोक हसायचे. आता आधीच काढून ठेवतात.